शब्द हवा आहे: हिलबिली, रेस रेकॉर्ड आणि रॉक अँड रोलमधला 'रॉक'

रिळवाला
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी मेम्फिसवर लेख लिहिलाय, १९५४ च्या आसपासचं मेम्फिस, एल्विस प्रेस्ली वगैरे. रॉक अँड रोल एका बाजूने काळ्यांच्या ब्लूजमधून आणि दुसऱ्या बाजूने गोऱ्यांच्या गावाकडच्या कंट्रीमधून कसं आलं असा विषय. मी इंग्रजी शब्द तसेच ठेवले होते, संपादकांनी "मराठी वाचकाला कळलं पाहिजे" म्हणून बदलून मसुदा परत पाठवला. आता वाचा. 'हिलबिली' चं केलंय 'पहाडी संगीत'. 'ब्लूज' चं 'निळी गाणी'. आणि 'रेस रेकॉर्ड्स' चं (बसून घ्या) 'शर्यतीच्या तबकड्या'. रॉकला खडक केलं नाही एवढं नशीब, पण समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे तिथे. मला त्यांच्यावर हसायचं नाहीये, माणूस चांगला आहे, पण त्यांना पर्याय तर द्यायला हवेत ना. सुचवा.

कॅसेटचोर
शर्यतीच्या तबकड्या हाहाहा. पहिली आली ती तबकडी कुठली?

पाटीपेन्सिल
ब्लूजपासून सुरुवात करते. यातला ब्लू रंगाचा आहे पण रंगापुरता नाही. इंग्रजीत १८ व्या शतकापासून 'ब्लू डेव्हिल्स' असा प्रयोग आहे, म्हणजे मनावर बसलेली निळी भुतं, उदासी, दारू उतरल्यावर दिसतात ती पण. डेव्हिल्स गळून गेले, ब्लूज उरलं. त्यामुळे 'निळी गाणी' म्हणजे शेपूट धरून हत्ती समजावणं. आणि 'उदास गाणी' पण करू नका प्लीज, कारण अर्धे ब्लूज टवाळ असतात, बायकोने घराबाहेर काढलं, घरमालक आला, खिशात दमडी नाही, आणि ते सांगणारा माणूस हसत असतो. ब्लूज हा आता प्रकार झालाय, ठुमरी जशी ठुमरी तसं ब्लूजला ब्लूजच म्हणायचं.

पण एक शब्द मराठीत अगदी जसाच्या तसा आहे तो देते. ब्लूजच्या मुळाशी 'फील्ड हॉलर' आहे, म्हणजे मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात काम करणारा एकटा माणूस लांबून जो आवाज देतो, अर्धा गाणं अर्धी हाक. याला आपल्याकडे हाळी म्हणतात! हाळी देणे. काहीजण याला भलरी म्हणतील पण भलरी सगळ्यांनी मिळून म्हणायची, कापणीला ओळीत, हाळी एकट्याची. तिकडेही दोन वेगळे प्रकार आहेत, तुरुंगातल्या आणि रेल्वेच्या टोळ्या कुदळीच्या ठेक्यावर म्हणायच्या ते वर्क साँग, म्हणजे भलरी, आणि एकट्याचं हॉलर, म्हणजे हाळी. ही जोडी संपादकांना द्या, त्यांना आवडेल.

रिळवाला
ताई हाळी म्हणजे कमाल आहे, घेतला. आमच्या गावाकडे अजून विहिरीवरून घराकडे हाळी देतात, म्हणजे मोबाईलला रेंज नसेल तेव्हा.

पाटीपेन्सिल
मग डब्ल्यू. सी. हँडीचा तो प्रसंग पण घाला. १९०३ च्या सुमारास हा हँडी, शिकलेला बँडमास्टर, नोटेशन वाचणारा माणूस, मिसिसिपीत टटवायलर नावाच्या स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघत पेंगत बसलेला. गाडीला उशीर. शेजारी एक फाटक्या कपड्यातला काळा माणूस येऊन बसतो आणि गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवायला लागतो, तार घसरत जाते, आणि एकच ओळ तीनदा म्हणतो, दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे चाललोय अशा अर्थाची. बस. हँडीने पुढे लिहून ठेवलं की इतकं विचित्र संगीत त्याने आधी ऐकलं नव्हतं. मग त्याने तसल्या चाली कागदावर उतरवून छापल्या, १९१२ मधे 'मेम्फिस ब्लूज', १९१४ मधे 'सेंट लुई ब्लूज'. म्हणजे ब्लूज हा शब्द दुकानात पोचला तो छापील कागदावरून, गाणारा तो स्टेशनवरचा माणूस मात्र निनावीच राहिला.

घाटावरचा
रेस आणि हिलबिली दोन्ही शब्द जवळपास एकाच दुकानात शिजलेत त्यामुळे एकत्रच सांगतो, जरा लांबेल.

१९२० मधे ओके नावाच्या कंपनीने मेमी स्मिथ या काळ्या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही प्लेट काढली आणि ती एवढी खपली की कंपन्यांना शोध लागला की काळे लोक पण प्लेटा विकत घेतात (धन्य). मग काळ्यांसाठी वेगळी मालिका, वेगळी जाहिरात, तिचं नाव रेस रेकॉर्ड्स. इथे रेस म्हणजे वंश. पण गंमत अशी की त्या वेळी तो शब्द आजच्यासारखा कानाला टोचत नव्हता, काळ्यांच्या वर्तमानपत्रांत 'रेस मॅन' म्हणजे आपल्या समाजासाठी उभा राहणारा माणूस, अभिमानाने वापरायचे. त्यामुळे 'वंशाच्या तबकड्या' केलं तर अर्थ बरोबर आणि वास चुकीचा.

आता दुसरी बाजू. १९२३ मधे त्याच ओकेचा राल्फ पीर अटलांटाला गेला आणि फिडलिन जॉन कार्सन नावाच्या फिडलवाल्याला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) रेकॉर्ड केलं. पीरला ते गाणं मुळीच आवडलं नव्हतं, पण प्लेट हातोहात खपली. म्हणजे डोंगरातले गरीब गोरे पण गिऱ्हाईक निघाले! १९२५ मधे असाच एक बँड न्यूयॉर्कला आला, पीरने नाव विचारलं, त्यांचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणाले आम्ही काय, नॉर्थ कॅरोलिना-व्हर्जिनियाकडचे हिलबिलीच, काहीपण लावा नाव. त्याने तेच लावलं. पुढे तो अख्ख्या प्रकाराचा शिक्का झाला.

तर हिलबिली म्हणजे काय. डोंगरातून आलेला, अडाणी समजला गेलेला, ज्याच्या बोलण्याला शहरातले हसतात तो. मुंबईत याला एक शब्द आहे आणि तो माझ्या आयडीतच लपलाय. घाटी. अर्थ तोच (डोंगर), शिवी तीच, शहरातल्याने खालच्याला द्यायची तीच, आणि नंतर आपल्याच माणसांनी छाती काढून "हो आहे घाटी" म्हणायचं तेही तेच.

कॅसेटचोर
आई शप्पथ. हे आधी का नाही सुचलं कुणाला.

पाटीपेन्सिल
सुचलं असेल पण छापायची हिंमत नसेल. 'घाटी संगीत' असं छापलं तर निम्मे वाचक सह्याद्री समजतील आणि निम्मे पत्र लिहितील.

घाटावरचा
ताई म्हणूनच तो बरोबर आहे ना, हिलबिली पण असाच टोचायचा! पण मान्य, प्रतिशब्द म्हणून नको, पहिल्यांदा शब्द येतो तिथे एका वाक्यात सांगा की मुंबईत जसं घाटी म्हणतात तसा हा शब्द, आणि पुढे हिलबिलीच ठेवा. 'पहाडी' मात्र कृपा करून काढा. पहाडी हा राग आहे, लोकांना संतूर ऐकू येईल.

आणि लेबलं बदलली ती पण लिहा. 'बिलबोर्ड' साप्ताहिकात काळ्यांच्या गाण्यांचा तक्ता १९४२ मधे 'हार्लेम हिट परेड' नावाने यायचा, मग 'रेस' झाला, आणि जून १९४९ पासून 'रिदम अँड ब्लूज'. हे नाव जेरी वेक्सलर नावाच्या त्यांच्याच एका वार्ताहराने सुचवलं, हाच पुढे अटलांटिक रेकॉर्ड्समधे मोठा माणूस झाला. त्याच सुमारास हिलबिलीचं पण 'कंट्री अँड वेस्टर्न' झालं. म्हणजे दोन्ही पाट्या रंगवून घेतल्या, दुकानाचे खण तेच.

सावजी_रस्सा
मले एक सांगा भाऊ, खण अलग होते तं गाणं पण अलग होतं का?

घाटावरचा
नाही ना! तीच तर मेख आहे. वाजवणारे एकमेकांच्या अंगणात कायम होते. जिमी रॉजर्स घ्या, कंट्रीचा बाप म्हणतात, रेल्वेत ब्रेकमन होता, ऑगस्ट १९२७ मधे टेनेसीतल्या ब्रिस्टलला पीरनेच रेकॉर्ड केला. त्याची गाजलेली गाणी 'ब्लू योडल' नावाची. नाव नीट बघा, योडल म्हणजे आपल्याला किशोरकुमारमुळे माहीत असलेला तो आवाजाचा झोका, आणि ब्लू म्हणजे सरळ ब्लूज, बारा बारांचा पक्का साचा. ९ नंबरच्या ब्लू योडलमधे १९३० साली लुई आर्मस्ट्राँग ट्रंपेट वाजवतोय! प्लेट खपली ती हिलबिलीच्या खणातून.

त्याच ब्रिस्टलमधे सापडलेलं कार्टर फॅमिली, त्यांचा ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत हिंडायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल हा काळा गिटारवाला असायचा, कार्टरने शब्द टिपायचे, रिडलने चाल डोक्यात ठेवायची. कंट्रीवाला हँक विल्यम्स अलाबामात रूफस पेन नावाच्या काळ्या रस्त्यावरच्या वादकाकडे शिकला. कंट्रीतल्याच बिल मन्रोने अर्नोल्ड शुल्ट्झ या काळ्या गिटारवाल्याचं नाव आयुष्यभर घेतलं. रॉक अँड रोलवाल्या कार्ल पर्किन्सला गिटार दाखवली ती कापसाच्या शेतातल्या एका म्हाताऱ्या काळ्या मजुराने. आणि बँजो, जे बघितलं की लोकांना गोरा शेतकरी आठवतो, ते वाद्यच मुळात गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर पश्चिम आफ्रिकेतून आलेलं.

ढोलकीचा_ओळा
मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो, लग्नाचे सीझन केलेत वीस वर्षं. 'बारा बार' वर संपादकांनी काय केलंय? कारण मला भीती वाटतेय.

रिळवाला
'बारा मद्यालये' नाही केलं अजून. पण मला पण धड समजावता आलेलं नाहीये.

ढोलकीचा_ओळा
सोपं आहे. बार म्हणजे चार मात्रांचा खण. असे बारा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन म्हणा हवं तर, पण सम-खाली शोधू नका त्यात, कॉर्ड कुठे बदलते ते बघायचं. सा, म आणि प वरच्या तीनच कॉर्ड. चार बार सा वर. दोन म वर, दोन परत सा. एक प, एक म, दोन सा. संपलं, परत पहिल्यापासून. शब्द पण तसेच बसतात, पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची (खाली कॉर्ड बदललेली असते म्हणून तीच ओळ दुसरी वाटते), मग तिसरी ओळ, जबाब देणारी. हँक विल्यम्सचं १९४७ चं 'मूव्ह इट ऑन ओव्हर' आणि बिल हेलीचं १९५४ चं 'रॉक अराउंड द क्लॉक' शेजारी शेजारी लावा, साचा तोच आणि चाल पण बहीण-बहीण. एक कंट्रीच्या खणात, एक रॉक अँड रोलच्या. हेली स्वतः आधी काउबॉय टोपी घालून योडल करायचा, बँडचं नाव सॅडलमेन, म्हणजे खोगीरवाले.

'ब्लू नोट' ला काय लिहिलंय? कोमल गंधार लिहू नका नुसतं. कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी असतो तो, पियानोवर सापडतच नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम चिरडतात. गिटारवाला तार ओढतो. 'चढा कोमल ग' लिहा, गाणारे लोक बरोबर समजतील. आणि बार ला बारच म्हणा, आम्ही सगळे बारच म्हणतो. (कोकणातल्या डबलबारीशी संबंध नाही, कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगितलं.)

कॅसेटचोर
आता खडकावर या.

पाटीपेन्सिल
येते. यातला रॉक म्हणजे हेलकावा. पाळणा हलवतात तो रॉक, आरामखुर्ची झुलते तो रॉक. जहाज पुढेमागे होतं ते आणि आडवं कलंडतं ते, मिळून रॉक आणि रोल, खलाशांची भाषा. काळ्यांच्या चर्चमधे अंगात येऊन लोक डोलायला लागले की त्यालाही रॉकिंग म्हणत, म्हणजे भजनात रंगून डुलणं. आणि तिसरा अर्थ, तो तुमचे संपादक छापणार नाहीत. १९२२ मधे ट्रिक्सी स्मिथने जे गाणं म्हटलंय त्यात तिचा माणूस तिला 'रॉक' करतो आणि 'रोल' पण येतो, तिथे पाळणा अजिबात नाहीये. लावणी ऐकणाऱ्या माणसाला हे समजावं लागत नाही, वरवर ऊस किंवा चोळी, आत दुसरंच.

देवळातलं डोलणं आणि माडीवरचं डोलणं एकाच शब्दात, हे मला त्या शब्दातलं सगळ्यात भारी वाटतं, आणि ही दोन्ही टोकं एकाच बाईत बघायची असतील तर सिस्टर रोझेटा थार्प ऐका, गाते देवाचं आणि हातातली इलेक्ट्रिक गिटार नाइटक्लबमधली, १९४४ ची रेकॉर्ड आहे, एल्विस तेव्हा नऊ वर्षांचा.

हा शब्द नंतर रेडिओवाल्या अॅलन फ्रीडने पाटी म्हणून लावला, क्लीव्हलंडमधे १९५१ पासून. वाजवायचा रिदम अँड ब्लूजच, पण नाव रॉक अँड रोल, म्हणजे गोऱ्या पोरांच्या आयांना दचकायला नको. त्याने शब्द शोधला असं लिहिलं असेल तर खोडा, १९४७ मधे रॉय ब्राउन आणि १९४८ मधे वायनोनी हॅरिस 'गुड रॉकिन टुनाइट' गाऊन मोकळे झाले होते.

रिळवाला
अरेरे, 'शोधला' असंच लिहिलंय मी. खोडतो.

सावजी_रस्सा
आणि एल्विस? लेख त्याच्यावर आहे नं?

मेम्फिसकर_नसलेली
मी अमेरिकेत राहते, तीन वर्षांपूर्वी एल्विसची पहिली प्लेट झाली तो मेम्फिसचा सन स्टुडिओ बघून आले, ७०६ युनियन अव्हेन्यू. काय सांगू, आपल्याकडच्या एखाद्या क्लासची खोली असावी एवढीशी जागा. छताला आणि भिंतींना त्या भोकाभोकाच्या टाइल्स, जमिनीवर एक फुली, इथे एल्विस उभा राहायचा म्हणून सांगतात, आणि समोर काचेआड स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स बसायचा ती कंट्रोल रूम. माझ्या सासूबाई त्या फुलीवर उभ्या राहून म्हणाल्या, "एवढंच?"

पण रिळवाले दादा, तुमच्या शब्दांच्या भांडणाचं उत्तर एल्विसच्या जुलै १९५४ च्या त्या पहिल्या प्लेटमधेच आहे. एका बाजूला आर्थर क्रुडपचा ब्लूज, 'दॅट्स ऑल राइट'. दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी', कंट्री. ड्रम नाहीतच, स्कॉटी मूरची गिटार आणि बिल ब्लॅक तो उभा बास थापा मारून वाजवतोय. मन्रोचं मूळ गाणं तीनच्या ठेक्यात, वॉल्ट्झ.

ढोलकीचा_ओळा
मधे बोलतो, माफ करा. मूळ दादरा होता, यांनी केरवा केला! आणि त्याच वर्षी मन्रोने ते गाणं परत रेकॉर्ड केलं, सुरुवात दादऱ्यात आणि पुढे केरव्यात. म्हाताऱ्याने खिलाडूपणे घेतलं.

मेम्फिसकर_नसलेली
मस्त! हां तर ती प्लेट छापायच्या आधीच मेम्फिसच्या रेडिओवाल्या ड्यूई फिलिप्सने लावली, लोकांचे फोनवर फोन, एल्विसला बोलावून घेतलं आणि विचारलं काय, तर शाळा कुठली. तो म्हणाला ह्यूम्स. बास, तेवढ्यासाठीच विचारलं होतं. शाळा रंगाप्रमाणे वेगळ्या होत्या, ह्यूम्स म्हटलं की ऐकणाऱ्याला कळलं पोरगा गोरा आहे, कारण आवाजावरून कळत नव्हतं.

घाटावरचा
"आडनाव काय म्हणालात?"

पाटीपेन्सिल
हो. अगदी तेच. "नाही, पण मूळचे कुठले?"

मेम्फिसकर_नसलेली
आणि सुरुवातीला त्याला नाव काय पडलं माहितीये? 'हिलबिली कॅट'. हिलबिली हा गोऱ्यांच्या खणातला शब्द आणि कॅट हा काळ्या जॅझवाल्यांच्या बोलीतला, म्हणजे भिडू. उलट बाजूने चक बेरी. सेंट लुईजवळच्या कॉस्मो क्लबमधे काळ्या लोकांसमोर हा मधूनच कंट्री गाणी म्हणायचा, लोक कुजबुजायचे हा काळा हिलबिली कोण. १९५५ मधे तो शिकागोला चेस या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, ब्लूजवाल्या मडी वॉटर्सने पत्ता दिला होता, तर कंपनीवाल्यांना त्याचे ब्लूज फारसे नाही आवडले, आवडलं ते 'आयडा रेड' या जुन्या फिडलच्या गाण्यावर बेतलेलं. नाव बदलून ते झालं 'मेबलीन'. एक घाटी भिडू आणि एक काळा घाटी, आणि दोघांना मिळून नवीन पाटी.

रिळवाला
'घाटी भिडू' माझ्याकडून छापून येणार नाही पण मनात राहणार. 'रॉकबिली' मग आपोआप सुटला, रॉक अधिक हिलबिली, काही करत नाही त्याला.

कॅसेटचोर
आपल्याकडे हा शब्द आला तेव्हा यातलं काहीच बरोबर आलं नाही ना? १९५७ मधे सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' केलं तेव्हा रॉक अँड रोल म्हणजे सूटबूट, ट्रंपेट आणि धमाल. पुणतांब्याचा माणूस, ऑर्केस्ट्रात गोव्याचे वादक, कुठला कापूस आणि कुठला डोंगर. आमचे आजोबा तर कुठल्याही फास्ट गाण्याला 'रॉकनरोल' म्हणायचे, त्यात दादा कोंडकेही आले.

रिळवाला
शेवटचा एक. 'ज्यूक जॉइंट' ला संपादकांनी 'नृत्यगृह' केलंय.

घाटावरचा
नृत्यगृह!! अहो फळ्यांची खोपटी, हातभट्टी, तळलेले मासे, कोपऱ्यात एक गिटारवाला आणि मध्यरात्री चाकू. गुत्ता लिहा.

पाटीपेन्सिल
ज्यूक हा शब्द गल्ला बोलीतून आलाय, जॉर्जिया-साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या काळ्या लोकांची बोली, अर्थ दंगेखोर, वाह्यात. गुत्ता बरोब्बर.

रिळवाला
मग 'हाँकी-टाँक' ला? तिथेही दारू, नाच, मारामारी, फक्त टेक्सासच्या तेलविहिरींवरचे गोरे कामगार.

घाटावरचा
तोही गुत्ताच.

रिळवाला
पण दोन्हीकडे गुत्ता लिहिलं तर मूळ लेखात दोन शब्द का होते ते कळणारच नाही ना भाऊ. एकाच गोष्टीला रंगाप्रमाणे दोन नावं, तेच तर सांगायचंय.

ढोलकीचा_ओळा
तेही पूर्ण खरं नाही, १९२७ मधे मीड लक्स लुईस या काळ्या पियानोवाल्याच्या गाण्याच्या नावातच 'हाँकी टाँक' आहे. शब्द आधी दोघांचा होता, नंतर वाटणी झाली.

रिळवाला
बरं, 'काळ्यांचा गुत्ता' आणि 'गोऱ्यांचा गुत्ता', पहिल्यांदा मूळ शब्दासकट. रात्रीच पाठवतो. ज्यूकबॉक्सला मग 'गुत्तापेटी' करू का?

कॅसेटचोर
आमच्या इराण्याकडे होता तो, बन मस्का खात पंचवीस पैसे टाकायचो. त्याला गुत्ता म्हणालात तर उठून जाईन.

रिळवाला
ज्यूकबॉक्स ज्यूकबॉक्सच राहील. बन मस्का मागवा.